कागदावर बंदी, कपाटात बंदूक

केतकीवन

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको यात दोन आठवडे गेले.

मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या आसपास राहते. नोकरी हिशेबाची. पण काही वर्षांपासून इथल्या एका महिला मदतगटासोबत सवडीने दुभाषाचं काम करते: मराठी, हिंदी आणि मोडकीतोडकी गुजराती. कोर्टाची अधिकृत दुभाषी मी नाही. मी बाकावर शेजारी बसून कानात सांगणारी. खालचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत.

गेल्या महिन्यात एका बाईला संरक्षण आदेश मिळाला. न्यायाधीशांनी नवऱ्याला अटी वाचून दाखवल्या. घरापासून आणि मुलांच्या शाळेपासून अमुक अंतर. फोन नाही, मेसेज नाही, नातेवाइकांमार्फत निरोप नाही. आणि त्याच दमात, बंदूक किंवा काडतुसं बाळगायची नाहीत. नवऱ्याने मान डोलावली, सही केली, आदेशाची प्रत घडी करून शर्टाच्या खिशात घातली. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली नसतील. बाहेर लिफ्टपाशी आल्यावर तिने मला विचारलं, "ताई, मग त्या कपाटातल्या तीन कोण नेणार?"

मी परत आत गेले. तिथला कर्मचारी म्हणाला, ऑर्डरमध्ये लिहिलंय ना. मी म्हटलं, लिहिलंय, पण नेणार कोण? त्याने पुढच्या खटल्याची फाइल उघडली. शनिवारी नवरा आपलं सामान न्यायला येणार होता, सोबत पोलीस. त्या तीन बंदुका सामानात धरायच्या की नाही, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

ज्यांना इथल्या कायद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या गुन्ह्यात (इथे फेलनी म्हणतात) शिक्षा झालेल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे, ती सरसकट झाली १९६८ च्या कायद्याने. पण बायकोला मारलं तर फेलनी क्वचितच लागते. तडजोड होते, 'साधी मारहाण' लिहिली जाते, म्हणजे मिसडिमीनर, किरकोळ गुन्हा. माणूस घरी, बंदूकही घरी. १९९४ मध्ये काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) संरक्षण आदेश लागू असेपर्यंत बंदूक नको असं ठरवलं. मग १९९६ मध्ये न्यू जर्सीचे सेनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी दुरुस्ती आणली, की घरगुती हिंसेचा किरकोळ गुन्हा सिद्ध झाला तरी बंदूक बंद, आणि तीही कायमची. पोलीस आणि सैनिकांनासुद्धा यातून सूट नाही.

म्हणजे कायदा आहे. बऱ्यापैकी कडक आहे. पण तो दुकानाच्या दारात उभा आहे. नवी घ्यायला गेलात तर फॉर्मवर प्रश्न विचारतो, संगणकात नाव शोधतो. घरात आधीच असलेली कशी, कुणी, किती दिवसांत काढून घ्यायची, ते केंद्रीय कायद्यात लिहिलेलंच नाही. ते राज्यांवर सोडलंय. कुणाला अनुभव असेल, आपापल्या राज्यातली पद्धत माहीत असेल, तर लिहा. मला खरंच हवंय.

प्रश्नचिन्ह

अमेरिकेचं सोडा हो. आपल्याकडे ४९८अ चा (सासरच्या छळाचं जुनं कलम) कसा वापर झाला ते बघा आधी. बायको रागावली की अख्खं घर आत. उद्या त्यावर बंदूकही काढून घ्या म्हणाल.

केतकीवन

@प्रश्नचिन्ह, त्या विषयावर इथे किमान दहा धागे आहेत. हा बंदुकीचा आहे.

ऑस्टिनकर

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू मांडतो, दगड मारायचे ते मारा.

माझ्याकडे दोन बंदुका आहेत. एक घरासाठी आणि एक रानडुकरांसाठी (मित्राच्या रँचवर इतकी माजलीत की विचारू नका). इथे बंदूक म्हणजे घटनेने दिलेला हक्क, परवाना नव्हे. आता कल्पना करा. रात्री नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण, ढकलाढकली, शेजाऱ्याने फोन केला, पोलीस आले की कुणाला तरी नेणारच. वकील सांगतो, गुन्हा कबूल कर, दंड भर, घरी जा. पाच मिनिटांची सही आणि जन्मभराचा हक्क गेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस दहा वर्षं सुनावणीत एक प्रश्न विचारत नव्हते. त्यांनी २९ फेब्रुवारी २०१६ ला तोंड उघडलं ते याच विषयावर: किरकोळ गुन्ह्यामुळे घटनेतला हक्क जातो असं आणखी एखादं उदाहरण आहे का? प्रश्न चुकीचा आहे का?

वकीलकाकू

प्रश्न चुकीचा नाही. निकाल मात्र त्यांच्या विरुद्ध गेला, ६-२. (न्यू जर्सीत वकिली करते. इथलं लिहिणं म्हणजे कायदेशीर सल्ला नाही, नेहमीचीच टीप.)

तो खटला व्हॉइझिन, मेन राज्यातला. त्याची सुरुवात गंमतशीर आहे. व्हॉइझिन नावाच्या माणसाने टकला गरुड मारला अशी निनावी खबर आली, ते तपासायला गेले तर त्याच्याकडे रायफल. मग जुनी नोंद निघाली, मैत्रिणीला मारल्याची. त्याचं म्हणणं, मी मुद्दाम नव्हतं मारलं, बेदरकारपणे झालं असेल. कोर्ट म्हणालं, बेदरकारपणेही चालेल, बंदी लागू.

त्याआधीचे दोनही सांगते, कारण हे तिन्ही मिळून एकच रस्ता दिसतो. २००९ चा हेझ: गुन्ह्याच्या व्याख्येत 'बायको' हा शब्द नसला तरी चालेल, प्रत्यक्षात मार खाणारी बायको होती एवढं सिद्ध करा. २०१४ चा कॅसलमन: हाड मोडायला पाहिजे असं नाही, ढकलणं, केस ओढणं हेही त्यात येतं. तो निकाल एकमताने होता.

ऑस्टिनकर, तुमच्या पाच मिनिटांच्या सहीबद्दल. कायद्यातच लिहिलंय की आरोपीला वकील मिळाला नसेल, किंवा त्याने तो समजून-उमजून नाकारला नसेल, तर ती शिक्षा या बंदीसाठी धरायची नाही. ज्यूरीचा हक्क असेल तर तिथेही तेच. शिक्षा रद्द झाली, माफी मिळाली, नोंद पुसली गेली, तर सहसा बंदीही उठते. तेव्हा दार अगदीच बंद नाही. अरुंद आहे हे मान्य.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जिचा बंदुकीशी संबंध नाही, पण याच सहीशी आहे. ग्रीनकार्ड किंवा व्हिसावर असताना घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढता येतं. ती तरतूद आणि लॉटेनबर्ग दुरुस्ती ३० सप्टेंबर १९९६ ला एकाच गठ्ठ्यात सही होऊन आल्या, क्लिंटन यांच्या. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या बायका पोलिसांना फोन करत नाहीत त्या यामुळेच. नवऱ्याचा व्हिसा गेला की हिचाही जातो असं त्यांना वाटतं. दर वेळी तसं नसतं, पर्याय असतात. फोन करण्याआधी कुणाशी तरी बोला: न्यू जर्सीत 'मानवी' ही मदतसंस्था आहे (१९८५ पासून), न्यूयॉर्कला 'सखी', कॅलिफोर्नियाच्या बे एरियात 'मैत्री'. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, तिथे दुभाषा मिळतो.

ऑस्टिनकर

वकिलाची अट माहीत नव्हती. धन्यवाद, काकू. पण मग सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा ब्रुएन निकाल? त्यात तर म्हटलंय की जुन्या काळी तसा कायदा असायचा हे दाखवा, नाहीतर बंदी टिकणार नाही. १७९१ मध्ये (बंदुकीचा हक्क घटनेत आला तेव्हा) नवऱ्याने बायकोला मारलं म्हणून बंदूक काढून घेतल्याचं उदाहरण कुठून आणणार?

वकीलकाकू

कुठूनच नाही. १७९१ मध्ये नवऱ्याने बायकोला मारणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हाच धरत नव्हते. मग उदाहरण मिळणार कसं? पाचव्या सर्किटने (टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं ते केंद्रीय अपील न्यायालय) हाच धागा पकडून २०२३ मध्ये संरक्षण आदेशाची बंदी घटनाबाह्य ठरवली. तो रहिमी खटला. केतकीवन, तुमच्याच भागातला आहे, आर्लिंग्टनचा.

डिसेंबर २०१९. पार्किंगमध्ये त्याने मैत्रिणीला पाडलं, फरपटत गाडीकडे नेलं, आत ढकलताना तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. कुणी बघतंय म्हटल्यावर गोळी झाडली. नंतर तिला फोन, कुणाला सांगितलंस तर तुलाही मारीन. फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षण आदेश झाला. त्यानंतर ठिकठिकाणी गोळीबाराचे पाच प्रकार त्याच्या नावावर आले. त्यातला एक बर्गरच्या दुकानात, मित्राचं क्रेडिट कार्ड चाललं नाही म्हणून हवेत. पोलिसांनी घराची झडती घेतली तर पिस्तूल, रायफल, काडतुसं, आणि त्या संरक्षण आदेशाची प्रत.

२१ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८-१ ने बंदी कायम ठेवली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की जुन्या कायद्याची हुबेहूब जुळी बहीण शोधायची गरज नाही. धोकादायक ठरलेल्या माणसाकडून जामीन घेणं, शस्त्र घेऊन दहशत माजवणाऱ्याला शिक्षा करणं, हे तेव्हाही होतं, तेवढं पुरे. विरोधात एकटे थॉमस. लक्षात ठेवा, हा निकाल आदेश लागू असतानाच्या तात्पुरत्या बंदीबद्दल आहे. शिक्षा झालेल्यांच्या कायमच्या बंदीचा प्रश्न त्यात नव्हता.

केतकीवन

काकू, तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला ती झडतीच दिसतेय. आदेशाची प्रत आणि पिस्तूल एकाच घरात. देशभर वाद झाला की ही बंदी घटनेत बसते का. आदेश झाला त्या दिवशी कुणी त्याच्या घरी जाऊन पिस्तूल आणलं असतं तर कदाचित हा खटलाच झाला नसता.

टोरांटोचा_तात्या

आमच्याकडे कॅनडात बंदुकीला लायसन्स लागतं. अर्जावर बायकोची सही मागतात, आणि गेल्या दोन वर्षांत कुणी वेगळी झालेली असेल तर तिचीही. सही नसेल तर अर्ज रद्द होत नाही, पण तिला कळवलं जातं की हा गृहस्थ बंदूक मागतोय, तुला काही सांगायचंय का. माझ्या हिला मी सही मागितली तेव्हा तिने चष्मा लावून पूर्ण फॉर्म वाचला. मग विचारलं, "कशाला हवीय?" मी म्हटलं हरणं. ती म्हणाली, "तुला मुंगी मारवत नाही." विषय संपला.

२०२३ च्या सी-२१ कायद्यानंतर संरक्षण आदेश असलेल्याला लायसन्स मिळतच नाही.

बाराबोअर

मी सिंधुदुर्गातला. नाव बघून हसू नका, घरात खरोखर बाराबोअर आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. आजोबांची ठासणीची होती, ती आता नुसती भिंतीवर.

तुमचा धागा वाचून एक गोष्ट डोक्यात आली. आमच्याकडे निवडणूक लागली की परवानाधारकांना नोटिसा येतात, बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा. आम्ही गोणपाटात गुंडाळून एसटीने नेतो. हवालदार नंबर बघतो, वहीत लिहितो, पावती देतो. निकाल लागल्यावर पावती दाखवून परत. कुरकुर सगळे करतात, ऐन हंगामात डुकरं शेतात घुसतात, पण जमा होतात. म्हणजे घराघरातली बंदूक गोळा करणं सरकारला जमतं. मनात असलं की जमतं.

पण घरात मारहाण झाली म्हणून कुणाची जमा झाली, असं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एक जण दारू प्यायला की बंदूक घेऊन अंगणात उभा राहायचा. बायकोच्या भावाने एका रात्री ती उचलली आणि भाताच्या कणगीत पुरली. परवाना याचा, बंदूक कणगीत, म्हणजे कायद्याने गुन्हेगार मेहुणा! काकू, इकडचा कायदा काय म्हणतो?

वकीलकाकू

मी इथली वकील, तरी पाहून ठेवलंय. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ९: हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली तर सुटल्यावर पाच वर्षं शस्त्र नाही. पण त्यासाठी शिक्षा व्हायला लागते. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा. त्यातला संरक्षण आदेश म्हणजे शिक्षा नव्हे, म्हणून कलम ९ तिथे आपोआप लागत नाही. तरी दोन वाटा आहेत. परवाना देणारा अधिकारी (तुमच्याकडे जिल्हाधिकारी, शहरात पोलीस आयुक्त) कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. आणि २००६ च्या नियमांप्रमाणे, न्यायदंडाधिकाऱ्यांनी सांगितलं तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसेत वापरलेलं शस्त्र जप्त करू शकतो. बायकोने अर्जात 'घरात परवान्याची बंदूक आहे' हे एक वाक्य लिहिलं पाहिजे. बहुतेक जणी लिहीत नाहीत, कारण विचारणारा विचारत नाही.

प्रश्नचिन्ह

ठीक आहे, हे वाक्य लिहायला हरकत नाही. खोटं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात नोंदीवरून कळेलच.

बाराबोअर

प्रश्नचिन्ह कुणाशी तरी सहमत झाले. आज निकालाचा दिवस दिसतोय.

अनामिका_७

हा आयडी फक्त या धाग्यासाठी काढलाय.

माझ्या नवऱ्याने एकदाही गोळी झाडली नाही. एकदाही माझ्यावर रोखली नाही. तो जेवायला बसताना पिस्तूल टेबलावर ठेवायचा. ताटाच्या उजवीकडे, मीठ-लोणच्याजवळ. आमटी अळणी झाली की तिकडे बघायचा, बोलायचा काही नाही. सहा वर्षं.

शेवटी पोलीस आले ते थप्पड मारल्यावर. त्यांनी गाल बघितला, फोटो काढले. रिपोर्टमध्ये थप्पड आली. पिस्तूल आलं नाही, कारण त्याने काही 'झालं' नव्हतं. मी सांगायला गेले तर अधिकाऱ्याने विचारलं, "त्याने ती तुझ्यावर रोखली का?" मी खरं उत्तर दिलं, नाही.

केतकीवन

अनामिका, लिहिलंत त्याबद्दल आभार. आज आणखी काही बोलत नाही.

वकीलकाकू

अनामिका, पुढे कधी कुणाला सांगावं लागलं तर हेच असंच सांगा, ताट, लोणचं सगळं. जॅकलिन कॅम्बेल या जॉन्स हॉपकिन्सच्या परिचर्या शाळेतल्या प्राध्यापिका. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका पाच पट होतो. त्यांनी बनवलेली जी प्रश्नावली मदतगट वापरतात, तिच्यात 'रोखली का' एवढंच नाही, 'त्याच्याकडे बंदूक आहे का' हा प्रश्न स्वतंत्र आहे.

ऑस्टिनकर

काल रात्री झोप लागली नाही, अनामिकांचं वाचून.

एक कबुली देतो. माझी दुसरी बंदूक मी ऑफिसातल्या एकाकडून घेतली. पार्किंगमध्ये, रोख. त्याने माझं ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं, टेक्सासचा आहे ना एवढंच. खासगी विक्रीला केंद्रीय कायद्याने बॅकग्राउंड चेक लागत नाही. म्हणजे केतकीवन म्हणतात तसं कायदा दुकानाच्या दारात उभा आहे, आणि शेजारचं दार सताड उघडं.

कायमची बंदी मला अजून जास्त वाटते. टेक्सासच्या स्वतःच्या कायद्यात पाच वर्षं आहे, ते मला पटतं. २०२२ च्या केंद्रीय कायद्यातही नुसत्या डेटिंगच्या जोडीदाराच्या बाबतीत पहिलाच गुन्हा असेल तर पाच वर्षांनी हक्क परत मिळतो. मग नवऱ्यांनाच जन्मठेप का, हा प्रश्न राहतोच. पण आदेश असताना कपाटात बंदूक ठेवायची, याला मी समर्थन देऊ शकत नाही.

वकीलकाकू

त्या विसंगतीवर मीही उत्तर देऊ शकत नाही. ती मतांची बेरीज जमवण्यासाठी झालेली तडजोड आहे.

आणि दुकानाच्या दाराबद्दलही फार विश्वास नको. सदरलँड स्प्रिंग्ज, टेक्सास, ५ नोव्हेंबर २०१७. चर्चमध्ये रविवारी २६ जीव गेले, त्यात एक पोटातलं बाळ. मारणाऱ्याला हवाई दलाच्या लष्करी न्यायालयाने २०१२ मध्ये बायको आणि सावत्र मुलाला मारल्याबद्दल दोषी ठरवलं होतं. कायद्याने तो बंदूक विकत घेऊच शकत नव्हता. त्याने दुकानातून घेतल्या, तपासणी होऊन. कारण हवाई दलाने त्याची नोंद एफबीआयला पाठवलीच नव्हती. २०२१ मध्ये न्यायाधीशांनी ६० टक्के जबाबदारी हवाई दलावर टाकली.

टोरांटोचा_तात्या

एका कारकुनाने एक पाकीट पाठवलं नाही. बापरे.

वकीलकाकू

केतकीवन, तुमच्या मूळ प्रश्नाला. कॅलिफोर्नियात आदेश हातात पडल्यापासून २४ तासांत शस्त्रं पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची आणि ४८ तासांत पावती कोर्टात दाखल करायची. त्यासाठी छापील फॉर्म आहे. वॉशिंग्टन राज्यात सिएटलच्या काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) तर यासाठी वेगळं पथकच नेमलंय, फोन करून विचारणारं, पाठपुरावा करणारं. टेक्सासात राज्यभर लागू अशी पद्धत नाही, पण डॅलस काउंटीत काही न्यायाधीशांनी पुढाकार घेऊन शस्त्रं जमा करण्याची सोय केली होती. तुमचं कोर्ट त्या काउंटीत नसलं तरी न्यायाधीशांना पावती मागण्यापासून कुणी अडवलेलं नाही. मदतगटाच्या वकिलाला लेखी अर्ज करायला सांगा: किती, कुठल्या, कुणाकडे दिल्या, याचं प्रतिज्ञापत्र आणि पावती. पोलिसांवर विसंबू नका. कॅसल रॉकच्या खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की आदेश अमलात आणायला पोलिसांना भाग पाडण्याचा घटनात्मक हक्क बाईला नाही. त्या बाईने रात्रभर पोलिसांना फोन केले होते, तीन मुलींना नवरा घेऊन गेला म्हणून. पिस्तूल त्याने त्याच संध्याकाळी विकत घेतलं होतं. मुली परत आल्या नाहीत.

केतकीवन

तीन आठवड्यांनी परत येतेय, उशीर झाला.

काकू, अर्ज केला. वकील तरुण आहे, त्याने कॅलिफोर्नियाचा फॉर्म समोर ठेवून तसाच मसुदा केला. न्यायाधीशांनी फार वेळ घेतला नाही, सात दिवसांत पावती आणा म्हणाले. शनिवारी सामान न्यायला आलेल्या पोलिसाने, तिने विचारल्यावर, बंदुकांना हात लावला नव्हता. "माझ्याकडे तसा आदेश नाही" म्हणाला, तेही बरोबरच. त्यामुळे त्या सामानासोबत गेल्या होत्या.

काल पावती दाखल झाली. परवानाधारक दुकानदाराची आहे, नंबर, मेक, सगळं व्यवस्थित. मी बाकावर बसून तिला वाचून दाखवली. तिने परत वाचायला सांगितली.

पावतीवर दोन आहेत.

वकीलकाकू

तिसरी कशी दिसत होती, कपाटात कुठल्या कप्प्यात होती, शेवटची कधी पाहिली, हे तिला आजच्या आज तारखेसकट लिहून काढायला सांगा. मराठीत लिहिलं तरी चालेल, भाषांतर नंतर करू. जुन्या फोनमध्ये घरातले फोटो असतील तर तेही शोधा, दिवाळीचे, वाढदिवसाचे, मागे कपाट उघडं असलेले. आणि ती आज कुठे झोपणार आहे?

केतकीवन

माझ्याकडे. मुलं वरच्या खोलीत आहेत. फोन शोधतोय.